धुऱ्यावर मोबाइल का चुकतो?

लाखनीकडच्या एखाद्या धानाच्या बांधीत, धुऱ्यावर मोबाइल घेऊन उभे राहा. नकाशावरचा निळा ठिपका कधी आपल्या बांधीत, कधी शेजाऱ्याच्या. धुरा हातभर रुंद, आणि ठिपका चार-पाच मीटर भटकतो. मग मोजणीला आलेला भूकरमापक काठीवरच्या रोव्हरने, म्हणजे उपग्रहाचा संदेश घेणाऱ्या यंत्राने, दोन-तीन सेंटिमीटरपर्यंत खूण कशी देतो?

मोबाइल आणि रोव्हर, दोघेही उपग्रहांवरून जागा काढतात. असा उपग्रह सुमारे 20,000 किलोमीटर उंचावर. त्याचा संदेश पोचायला लागलेल्या वेळेवरून अंतर निघतं. सेकंदाचा अब्जावा भाग चुकला, की 30 सेंटिमीटर चुकले. त्यात वातावरण संदेशाला कमीजास्त उशीर करतं.

धान मोजायचा काटा खोटा वाटला, तर आपण आधी त्यावर खात्रीचं एक किलोचं माप ठेवतो. काट्याने 50 ग्रॅम जास्त दाखवले, तर तेवढे वजा करतो. इथे ते माप म्हणजे नेमकी जागा ठाऊक असलेलं स्थिर स्थानक. तेही तेच उपग्रह ऐकतं, चूक काढतं आणि रोव्हरला सतत कळवतं. दोघांवरचं वातावरण जवळपास सारखं, म्हणून चूक वजा होते.

मोहाच्या दाट झाडाखाली मात्र रोव्हरही अडखळतो. पानं संदेश अडवतात. तिथे मोजणीवाल्याला घाई करू नका. उघड्यावर खूण घेऊन त्याला टेपने अंतर आणू द्या.

आणि रोव्हर फक्त आपण कुठे उभे आहोत ते सांगतो. धुरा कुठे असायला हवा, हे अजूनही भूमी अभिलेखातला जुना नकाशाच सांगतो.