चार महिन्यांच्या पावसावर हजार वर्षांचं गाव

मुंबईतल्या मढ बेटावरच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको: चहूकडे पाणी, पण प्यायला घोटभर नाही! मुंबईची उपनगरं जिथे वसलीत, ते अवघं साष्टी असंच बेट. पश्चिमेला समुद्र, उत्तरेला वसईची खाडी, पूर्वेला ठाण्याची. गोडं पाणी द्यायचं ते आभाळानंच. तेही कसं देतं? जून ते सप्टेंबर दोन हजार मिलिमीटरहून जास्त कोसळतं आणि मग आठ महिने जवळजवळ पाठच फिरवतं. एप्रिलमध्ये डोंगरातले ओढे आटतात, काळा कातळ तापून चटके देतो.

आणि याच बेटाच्या मधोमध, बोरिवलीच्या जंगलातल्या एका घळीत, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी माणसं राहायला आली. आली ती जवळपास हजार वर्षं राहिली. ही कान्हेरी.

पाऊस संपल्यावर ती प्यायली काय?

आले ते बौद्ध भिक्खू. पावसाळ्यात भटकंती थांबवून एका जागी वर्षावास करायचा, हा त्यांचा नियम. जागाही हेरली ती किती विचारानं! सोपारा आणि कल्याण ही गजबजलेली बंदरं फार लांब नाहीत, पण त्यांचा गलबला इथवर पोचत नाही. खडक सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखींच्या काळातला. छिन्नी-हातोड्यानं त्यात शंभराहून अधिक लेणी कोरली गेली. तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्यात, म्हणजे प्रार्थनागृहात, तर 34 खांब आहेत!

पण मला विचाराल, तर चैत्यापेक्षा एखाद्या साध्या लेण्यापुढे उभे राहा. पडवी, दगडी बाक, आत छोटी खोली. आता मान वर करा. दाराच्या वर, कड्याच्या कपाळावर एक बारीक पन्हळ खोदलेली दिसेल. डोंगरावरून ओघळणारं पाणी ती अडवते, बाजूला वळवते आणि अंगणाच्या कडेच्या टाक्यात सोडते. टाकं रांजणासारखं: तोंड लहान, पोट मोठं, कातळाच्या आत दडलेलं. ऊन आत शिरत नाही, वारा फिरत नाही, मग वाफ होऊन पाणी उडणार किती? म्हणजे घर कोरतानाच उन्हाळ्याची बेगमी कोरलेली! शिवाय घळीतल्या ओढ्यावर जुन्या दगडी बांधाचे अवशेषही आहेत.

याला पैसा कोणी दिला? तेही दगडावरच लिहून ठेवलंय. कल्याणच्या स्वामिदत्त नावाच्या सोनारानं टाकं दिलं. कल्याणच्याच नंद नावाच्या लोहारानं दिली एक वाट. हो, चालायची वाट!

आणि पाचव्या लेण्याजवळचा एक लेख वाचताना तर अंगावर काटा येतो. सातेरक नावाच्या अमात्यानं दिलेल्या टाक्याचा हा लेख. त्यात सातवाहन राजा वासिष्ठीपुत्र सातकर्णीच्या राणीचा उल्लेख आहे, आणि ती एका महाक्षत्रपाची, म्हणजे शक राजाची, मुलगी असल्याचं म्हटलंय. बापाचं नाव झिजलंय, फक्त ‘रु’ उरलाय. अभ्यासक त्याला रुद्रदामन मानतात. आता थेट गुजरातेत जुनागढला चला. तिथल्या इसवी सन 150 च्या सुमाराच्या लेखात रुद्रदामन सांगतो, की सातकर्णीला मी दोनदा हरवलं, पण जवळच्या नात्यामुळे समूळ नष्ट केलं नाही. कुठलं नातं? ते तो सांगत नाही. त्याचा दुवा सापडतो बोरिवलीत, पाण्याच्या टाक्यावर! बरं, जुनागढचा तो लेख मुळात आहे तरी कशाबद्दल? वादळात फुटलेल्या सुदर्शन तलावाचा बांध पुन्हा बांधल्याबद्दल. सासराही पाणीच अडवत होता!

एकोणिसाव्या शतकात मुंबई शहराच्या विहिरी अपुऱ्या पडल्या, तेव्हा नळाच्या पाण्यासाठी इंग्रज इंजिनियर याच डोंगरांत आले. 1860 मध्ये विहार तलाव पुरा झाला, 1879 मध्ये तुळशी. दोन्ही आजही मुंबईला पाणी देतात.