चेहऱ्याची बदली

१९९३ साली महेश कोठारे यांचा ‘झपाटलेला’ आला आणि आमच्या घरातली बाहुली रात्री कपाटात बंद होऊ लागली. दिलीप प्रभावळकरांचा तात्या विंचू मरता मरता आपला जीव एका बाहुल्यात घालतो. कथेत ते काम मंत्रानं भागलं. प्रत्यक्षात ते आलं रामदास पाध्ये यांच्या वाट्याला, वडिलांकडून अर्धवटरावांचा वारसा घेतलेल्या कलावंताच्या. माणसाच्या चेहऱ्यावर डझनावारी स्नायू खेळतात. बाहुल्याला मोजक्याच कळा. तरीही हा तोच तात्या, असं आपण मुकाट्यानं मान्य केलं.

हीच करामत आता कॉम्प्युटरवर चालते. भिवंडी तालुक्यातल्या दिघाशीला माझ्या चुलतभावाची नात घरी बसून हे काम करते. मी गेलो की “आजोबा, जरा हसा” म्हणून मलाच कामाला लावते. तिच्या पात्रांच्या चेहऱ्याआड ओठांचे कोपरे, पापण्या, भुवया हलवणाऱ्या अदृश्य कळा असतात. त्या साऱ्या जोडणीला म्हणायचं ‘रिग’. एका चेहऱ्याचा अभिनय निराळ्या ठेवणीच्या चेहऱ्यावर उतरवायचा, हे तिचं काम.

समजा, हसताना माझ्या ओठाचा कोपरा एक सेंटिमीटर सरकला. तेवढंच अंतर उंदराला दिलं तर ओठ कानामागे जाईल. हत्तीला दिलं तर कुणाला कळणारही नाही. म्हणून अंतर न्यायचं नाही, प्रमाण न्यायचं. मी माझ्या पूर्ण हसण्याच्या चाळीस टक्के हसलो, तर उंदरानंही त्याच्या चाळीस टक्के हसावं. जन्म टक्केवारीत गेल्यामुळे मला हे चटकन पटलं. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या नोह आणि न्यूमन यांनी २००१ साली याहून बारीक रीत मांडली: हालचालीची लांबी आणि दिशा नव्या चेहऱ्याच्या त्या त्या जागेच्या आकाराप्रमाणे बेतून घ्यायची.

पण टक्केवारी ‘मामा’पाशी अडते. प, ब, म म्हणताना ओठ टेकलेच पाहिजेत. नव्वद टक्के टेकून भागत नाही. रुंद तोंडाच्या बेडकाच्या ओठांत फट राहिली की आवाज परक्याचा वाटतो. डोळ्यांचंही तेच: पापण्या पुरत्या मिटल्या नाहीत तर झोपलेलं पात्र चोरून बघतंय असं दिसतं. मग माणसाच्या हाताला पर्याय नाही. २००२ च्या ‘द टू टॉवर्स’मधला गॉलम साकारला अँडी सर्किसनं, पण त्याचं चित्रण समोर ठेवून गॉलमचे हावभाव घडवले ते मुख्यत्वे अ‍ॅनिमेटरांच्या हातांनी. ती नावं कुणाला आठवतात?

परवा मी तिथे असताना पडद्यावर एक बेडूक होता. मूळ नट भीती लपवून हसत होता. आकडे सगळे बरोबर उतरले होते. पोरीनं आवाज बंद केला आणि तांदूळ निवडत बसलेल्या वहिनींना दाखवलं.

“बराच खुशीत आहे की,” वहिनी म्हणाल्या.

पोरगी संध्याकाळभर खालच्या पापण्यांशी झुंजत बसली. ओठांना तिनं हातही लावला नाही. सकाळी पुन्हा आजीसमोर बेडूक. वहिनींनी चष्मा सारखा केला.

“ह्याला काय झालं गं? घाबरलाय का?”

पोरीनं तेवढ्यावर काम पाठवून दिलं. तिच्या बिलात ‘ट्रान्सफर’ असा एकच रकाना असतो. त्या संध्याकाळचा आकार कुठे लावायचा, हे तिला अजून ठरवता आलेलं नाही.