जुन्या आरएक्स १००चा सायलेन्सर बदलावा का?

मंडळी, मोकळा सायलेन्सर लावला की जुनी यामाहा आरएक्स १०० जोरात पळते, असं आपण ऐकत आलोय. खरंच पळते का? हे ९८ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन. धुराबरोबर थोडं ताजं पेट्रोल-हवेचं मिश्रणही बाहेर निसटतं. सायलेन्सरच्या फुगीर पोटापुढच्या निमुळत्या भागावरून दाबाची लाट उलटते आणि ते मिश्रण सिलिंडरमध्ये परत ढकलते. साधी नळी लावली, तर ही लाट वेळेवर परतत नाही. आवाज वाढतो, ताकद घटते. वर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० खाली कारवाई होऊ शकते, ती वेगळीच. म्हणून आपण आधी साचलेला कार्बन साफ करून बघू. पत्रा गंजून भोकं पडली असतील, तरच बदलू, तेही मूळ मापाचाच.