लेकाकडे परदेशी निघताना बॅगेत काय घ्यावे?

ऊस विकास अधिकारी, शेती विभाग



गळीत हंगाम आटोपला, उसाची बिले बँकेत जमा झाली, की आमच्या गट ऑफिसात निराळीच चौकशी सुरू होते. लागणीची नव्हे, विमानाची. कोणाचा मुलगा अमेरिकेत, कोणाची लेक दुबईत, कोणाचा भाचा आफ्रिकेतल्या साखर कारखान्यात केमिस्ट. "साहेब, जाताना पोरांना काय न्यावं?" हा प्रश्न शेती विभागाला विचारतात याचे कोणाला हसू येईल, पण विमानतळावर अडते ते बहुतेक शेतातले आणि स्वयंपाकघरातलेच.

ओटीपासूनच सुरुवात करू. आई निघाली की जावा-नणंदा ओटी भरतात. रीत घरी जरूर करावी, मात्र ओटीतले तांदूळ आणि खोबऱ्याची वाटी घरातच ठेवावी. सुक्या खोबऱ्यात तेल फार, ते पेट घेऊ शकते, म्हणून विमानात चालत नाही. तांदळाचे कारण तर आपल्या ओळखीचे आहे: खापरा भुंगेरा. साठवणीतल्या धान्याचा हा शत्रू १९५३ साली कॅलिफोर्नियातल्या गोदामांत सापडला आणि त्याचा नायनाट करायला त्या लोकांना कित्येक वर्षे गोदामांना विषारी धुरी द्यावी लागली. तेव्हापासून ते दचकून आहेत. आपल्याकडून जाणाऱ्या प्रवाशाच्या सामानात तांदूळ, हरभरा, करडई, सोयाबीन त्यांना चालत नाही. उसाचे कांडे तर नाहीच नाही. नातवाला ऊस सोलून द्यायची आजोबांची हौस आम्हांला कळते, पण त्याच्या हातावर गुळाचा खडा ठेवावा.

आखाती देशांत जाणाऱ्यांनी पुढचे दोनदा वाचावे. तिथे खसखस हा अमली पदार्थ धरतात. अफूच्याच बोंडातले बी ते. यावरून माणसे तुरुंगात गेलेली आहेत, आणि "आम्हांला ठाऊक नव्हतं" हे तिथे कोणी ऐकून घेत नाही. सिंगापूरलाही खसखशीला बंदी आहे. आता आपल्या घरात ती कुठे-कुठे असते बघा: अनारशावर, डिंकाच्या लाडवात आणि कांदा-लसूण मसाल्यातही. मागे एक सभासद दुबईला निघाले तेव्हा त्यांच्या घरी बसून आम्ही डबे उघडायला लावले. अनारसे बाजूला निघाले, मसाला निघाला. काकू रुसल्या. मग बिनखसखशीचा मसाला कुटून दिला, चवीत काही उणे पडले नाही म्हणतात. खोकल्याच्या काही औषधांत कोडीन असते, त्यालाही तिथे कडक नियम आहेत. डॉक्टरांची चिठ्ठी जवळ असावी आणि परवानगी लागते का, ते मुलांकडून निघण्याआधी विचारून घ्यावे.

ऑस्ट्रेलियाला पेढे, बर्फी नेऊ नये. दुधाची मिठाई काढून घेतात. शेतावर, गोठ्यात वावर आहे का, असेही विचारतात. खरे सांगावे. बुटाला माती असेल तर साफ करतील, एवढेच. खाण्याची वस्तू कोणत्याही देशात लपवू नये; दाखवली तर फार तर टाकून देतील, लपवली तर दंड.

आणि शेजाऱ्यांची पुडकी! "आमच्या पोराला एवढं द्या" म्हणून शिवून बंद केलेली पिशवी कोणी आणून दिली तर त्यांच्यादेखत उसवावी. भीड धरू नये. बॅग तुमच्या नावाची, तेव्हा आतल्या मालाचा जाबही तुम्हांलाच.

मग न्यावे काय? आमच्या मते कारखान्याच्या सभासदाने गूळच न्यावा. बारक्या भेल्या, नीट पाकीटबंद, वर नाव-वजन छापलेल्या. कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे, तेव्हा लाजायचे कारण नाही. काकवी नेली तर झाकण पक्के करून मोठ्या बॅगेत. हातातल्या पिशवीत पातळ पदार्थ जाऊ देत नाहीत. खणाची कापडे, कोरी कोल्हापुरी चप्पल, आणि आजीच्या जुन्या लुगड्यांची गोधडी. गोधडीला जागा फार लागते हे खरे, पण तिकडच्या थंडीत ती पोरे ती कोणाला देत नाहीत, असे ऐकतो.

परत येतानाचे जरा कडक बोलतो. तिकडच्या मळ्यातले चांगले दिसले म्हणून बी, रोप, उसाचे बेणे खिशात घालून आणू नये. परवाना आणि रोगमुक्ततेचा दाखला असल्याशिवाय ते आणणे २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशाने गुन्हा आहे. बेण्यातून काणी येते, गवताळ वाढ येते, आणि डोळ्याला दिसत नाही. २००२ साली सांगली भागात लोकरी मावा दिसला तो आठवा. पूर्व भारतात तो आधीपासून होता. देशातल्या देशात सरकलेल्या किडीने आपल्या फडांची काय दशा केली, ते ज्यांनी पाहिले त्यांना वेगळे सांगायला नको.

नवे वाण हवे असेल तर पाडेगावचे ऊस संशोधन केंद्र आणि मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहेच. मागणी गट ऑफिसात नोंदवावी, येताना सात-बाराचा उतारा आणावा.