सुटकेनंतरचा हिशेब

फेब्रुवारी १९९६ मध्ये मुंबई पोलिसांनी कामाठीपुरा परिसरातील कुंटणखान्यांवर छापे घातले आणि सुमारे पाचशे स्त्रिया व मुलींची सुटका केली. त्यांपैकी दोनशेहून अधिक नेपाळच्या होत्या. छाप्याच्या दुसऱ्या दिवशी या कारवाईचा अहवाल लिहिला गेला असता, तर ती अत्यंत यशस्वी ठरली असती. प्रत्यक्षात पुढचे काही महिने त्या मुली मुंबईतील शासकीय गृहांत अडकून पडल्या. नागरिकत्वाचा पुरावा नाही, आजार घेऊन येतील, अशा शंका पुढे करून त्यांच्याच देशाने त्यांना परत घेण्यास चालढकल केली. अखेर नेपाळमधील काही स्वयंसेवी संस्थांनी पुढाकार घेतला आणि जुलैमध्ये सव्वाशेच्या आसपास मुली काठमांडूला पोहोचल्या.

त्याच परतलेल्या मुलींपैकी काहींनी मिळून त्याच वर्षी ‘शक्ती समूह’ ही संस्था उभी केली. तस्करीतून बाहेर आलेल्या स्त्रियांनी स्वतः चालविलेली ही जगातील पहिल्या काही संस्थांपैकी एक. तिची नोंदणी व्हायला २००० साल उजाडले. संस्थापक स्त्रियांपाशी नागरिकत्वाचे कागद नव्हते, ही त्यातील मोठी अडचण होती. २०१३ मध्ये याच संस्थेला रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. एकाच छाप्याचे मूल्यमापन फेब्रुवारीत केले तर एक उत्तर येते, जूनमध्ये केले तर दुसरे आणि सतरा वर्षांनी केले तर तिसरेच. सीमेपलीकडून होणाऱ्या तस्करीविरुद्धच्या प्रकल्पांचे फलित तपासताना नेमका हाच पेच पडतो.

हा विषय व्यापारी कुटुंबांपासून वाटतो तितका दूर नाही. अनेक घराण्यांचे न्यास आणि अनेक कंपन्यांचा सामाजिक दायित्वाचा निधी अशा कामांकडे वळतो. देणगी मागण्यासाठी येणाऱ्या पुस्तिकेत आकडे ठसठशीत असतात: इतक्या गावांत जागृती, इतक्या मुलींना प्रशिक्षण, इतक्या जणींना सीमेवर अडविले. दुकानात किती गिऱ्हाइके येऊन गेली, यावरून नफा कळत नाही, हे पेढीवर बसणाऱ्यास कोणी शिकवावे लागत नाही. परंतु धर्मादाय कामाच्या बाबतीत हाच मनुष्य आकडा ऐकून चेक फाडतो. (व्यापाराची परिभाषा येथे अर्थात जपून वापरली पाहिजे, माणसांना मालासारखे वागविणाऱ्यांविरुद्धच ही लढाई आहे.)

सीमेवर अडविलेल्या मुलींचा आकडा जरा बारकाईने पाहू. १९५० च्या मैत्री करारापासून भारत आणि नेपाळ यांच्यातील सीमा परस्परांच्या नागरिकांसाठी खुली आहे. तिची लांबी सतराशे किलोमीटरहून अधिक आहे. रक्सौल, सोनौली, रुपैडिहा, जोगबनी, पानीटंकी अशा नाक्यांवरून रोज असंख्य लोक बाजारहाटीला, मजुरीला, लग्नाकार्याला ये-जा करतात. अनुराधा कोइराला यांनी १९९३ मध्ये स्थापन केलेल्या ‘माइती नेपाल’ने अशा नाक्यांवर टेहळणीचे काम उभे केले. स्वतः त्या फेऱ्यातून गेलेल्या स्त्रियाही या पहाऱ्यात असतात. दलालाची चाल आणि मुलीच्या चेहऱ्यावरचा गोंधळ त्यांना चटकन ओळखता येतो. या कामाचे मोल मोठे आहे, यात शंका नाही.

तरीही ‘अडविलेल्या मुली’ हा आकडा एकटा काही सांगत नाही. त्यातील किती जणी खरोखर दलालाच्या हाती होत्या आणि किती जणी मावशीकडे किंवा नोकरीसाठी निघाल्या होत्या? अडविल्यानंतर त्यांना घरी पोहोचविले; पण ज्या घरातून त्या निघाल्या, तेथील कर्ज, मारहाण किंवा सावत्रपणा संपला होता काय? सहा महिन्यांनी त्याच मुली दुसऱ्या नाक्यावरून गेल्या नाहीत ना? आकडा वाढला तर तस्करी वाढली असेल किंवा पहारा सुधारला असेल. आकडा घटला तर दलाल हरले असतील किंवा त्यांनी वाट बदलली असेल. एकच नोंद चार अर्थ देते आणि अहवालात बहुधा त्यांतला सोयीचा तेवढा येतो.

वाट बदलण्याचे उदाहरण नेपाळने स्वतःच अनुभवले. २०१२ मध्ये तेथील शासनाने तीस वर्षांखालील स्त्रियांना घरकामासाठी आखाती देशांत जाण्यास बंदी घातली. हेतू संरक्षणाचाच होता. पण गरज संपली नव्हती. स्त्रिया भारतमार्गे, कागदपत्रांविना, दलालांवर अधिकच विसंबून जाऊ लागल्या. काठमांडूच्या नोंदवहीत प्रस्थाने कमी दिसली असतील. धोका मात्र वाढला.

या विषयातील गंभीर परीक्षणांपैकी एक ‘वर्क इन फ्रीडम’ या कार्यक्रमाचे आहे. ब्रिटिश शासनाच्या निधीतून आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने तो २०१३ मध्ये सुरू केला. दक्षिण आशियातून घरकाम व वस्त्रोद्योगासाठी बाहेर जाणाऱ्या एक लाख स्त्रिया व मुलींपर्यंत पोहोचण्याचे उद्दिष्ट होते. नेपाळ, बांगलादेश व भारतातील गावांत निघण्यापूर्वीचे प्रशिक्षण हा त्याचा महत्त्वाचा भाग. परीक्षणाचे काम लंडनच्या आरोग्य व उष्णकटिबंधीय वैद्यक संस्थेतील संशोधकांकडे होते. किती वर्ग भरले, एवढ्यावर ते थांबले नाहीत. माहिती मिळाली की स्त्री सुरक्षित राहते, या मूळ गृहीतकालाच त्यांनी हात घातला. उत्तर उत्साहवर्धक नव्हते. अल्पमुदतीच्या प्रशिक्षणाने संरक्षण मिळते, या समजुतीवरच त्यांच्या निष्कर्षांनी शंका उपस्थित केली. स्त्रीला आपले हक्क कळले तरी मालक कोण असेल, पासपोर्ट कोणाच्या कपाटात राहील, पगार कधी मिळेल, हे ती ठरवीत नाही. अरब देशांतील ‘कफाला’ पद्धतीत तर तिचा परवानाच मालकाशी बांधलेला असतो. मग केवळ तिला शिकवून मालकाचे वर्तन कसे बदलणार?

असे निष्कर्ष प्रसिद्ध होऊ देणे ही निधी देणाऱ्याची मोठी गोष्ट. आपल्याकडे देणगीदारास अपयश ऐकण्याची सवय नाही, म्हणून संस्थाही ते सांगत नाहीत.

मूल्यमापनाच्या मार्गात काही खऱ्या अडचणी आहेत. औषधाच्या चाचणीप्रमाणे काही मुलींना संरक्षण द्यायचे आणि काहींना तुलनेसाठी तसेच सोडायचे, हे बहुतेक वेळा नीतीला धरून होत नाही. शिवाय प्रश्न विचारणे हीच इजा ठरू शकते. गावात कोणाला काही ठाऊक नसलेल्या स्त्रीच्या दारात गाडी थांबली आणि चार अनोळखी माणसे वही घेऊन उतरली, तर तिचे उरलेसुरले आयुष्य विसकटते. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २००३ मध्ये अशा मुलाखतींसाठी दहा मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. अपाय करू नका, हे त्यांतले पहिले.

दुसरी अडचण जमाखर्चाची आहे. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ खालील निधी भारतातच खर्च करावा लागतो. मुंबईतील आश्रयगृह, समुपदेशन, न्यायालयातील मदत यांना तो चालतो; सिंधुपाल्चोकच्या डोंगरातील घरापर्यंतचा पाठपुरावा दुसऱ्या कोणाच्या खात्यातून व्हावा लागतो. एकाच मुलीची अर्धी नोंद या देशात आणि अर्धी त्या देशात राहते. दोन्ही वह्या समोरासमोर ठेवून जुळवणी करणारा कोणी नसतो. मुंबईची संस्था ‘सुखरूप परत पाठविले’ असे लिहून पान बंद करते. पलीकडे ते पान उघडले गेले की नाही, हे कळत नाही.

न्यायालयातही तेच. मुलगी मायदेशी गेली की येथील खटला साक्षीवाचून लटकतो आणि दलाल सुटतो. दूरदृश्य प्रणालीने साक्ष घेता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातील एका प्रकरणात २००३ मध्येच मान्य केले आहे. ‘इतक्या जणींना परत पाठविले’ असे सांगणाऱ्या संस्थेला म्हणून विचारावे, की त्यांपैकी किती जणींची साक्ष नोंदली गेली आणि किती प्रकरणांत शिक्षा झाली.

जानेवारी २०२१ पासूनच्या नियमांनुसार, लागोपाठच्या तीन वर्षांत सरासरी १० कोटी रुपये वा अधिक दायित्व असलेल्या कंपन्यांना १ कोटी वा त्याहून मोठ्या प्रकल्पांचे परिणाम स्वतंत्र संस्थेकडून तपासून घ्यावे लागतात आणि तेही प्रकल्प पूर्ण होऊन किमान एक वर्ष उलटल्यावर. लहान पेढ्या आणि कौटुंबिक न्यासांवर हे बंधन नाही. अंदाजपत्रक समोर आले की तेथे ‘पाठपुरावा, दुसरे वर्ष: प्रवास व दुभाषी’ या ओळीवर पहिली काट बसते, कारण त्या खर्चाचे छायाचित्र काढता येत नाही. त्या एका ओळीवरून हात मागे घेतला, तर दोन वर्षांनी ती स्त्री कोठे आहे, कमावते काय, पुन्हा कोणी तिला नेले तर नाही ना, हे विचारायला तिच्याच भाषेत बोलणारी एखादी कार्यकर्ती गाजावाजा न करता तिच्या गावी जाऊन येऊ शकेल.