बहात्तरच्या दुष्काळाचा तास

१०.३० : परिपाठ संपवून सातवीच्या वर्गात जाते तर टेबलावर मांडामांड झालेली. खडी फोडायची हातोडी, पितळी घागर, कोपरे फाटलेलं रेशनकार्ड. १९७२ च्या दुष्काळातलं घरी काही उरलं असेल तर मागून आणा, परत द्यायच्या बोलीवर, असं मुलांना सांगितलं होतं.

११.०० : हातोडी वर्गभर फिरते. आधी नुसतं बघायचं, मग बोलायचं. दांड्याला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली. "घामानं सटकायची असंल," एक जण म्हणतो. एक मुलगी मूठ वळून बघते. दांडा तिच्या मुठीत बरोबर बसतो. "बाई, आमच्याएवढी पोरंपण फोडायची का?" मी उत्तर देत नाही. दुष्काळी कामावर गेलेल्या एक आजी दुपारी येणार आहेत, त्यांना विचार, म्हणते.

१२.०० : रोजगार हमी योजना, तिचे जनक वि. स. पागे, १९७७ चा कायदा, २६ जानेवारी १९७९ पासून अंमल. एवढं फळ्यावर. परीक्षेपुरतं पुरे.

१.१५ : खिचडी. दुष्काळातल्या सुकडी आणि तांबड्या मिलो ज्वारीच्या गप्पा इथंच रंगतात.

२.१५ : आजी आल्या, शेजारचे आजोबाही. पोरं कामावर होती का? "व्हती की. मस्टरवर नाव नसायचं, आईच्या ढिगात भर घालायची." दुष्काळी कामावर पोट भरलं, पाझर तलाव झाला, आजींना त्याचं समाधान. आजोबा मात्र घुश्श्यात, त्याच तलावात त्यांचं वावर गेलं. "आन् मुकादम खोटी नावं लावायचा," आजी सहज बोलून गेल्या. मागच्या बाकावरच्या पोराचा चेहरा उतरला. त्याचे आजोबा मुकादम होते.

त्याला म्हटलं, उद्या त्यांची बाजू तू आणायचीस. वरून मस्टर कोण तपासायचं, पगार कधी यायचा, तेही विचार.

३.३० : लेखन. एकच तलाव, आजींच्या तोंडून आणि आजोबांच्या तोंडून. जुळत नाही तिथं लाल रेघ, खोडायचं नाही. मात्र 'ज्याचं त्याचं खरं' असं मी शिकवत नाही. आजींचं समाधान आणि आजोबांचा राग दोन्ही खरे असू शकतात. खोटी नावं लागली की नाही, याचं उत्तर एकच असतं आणि ते शोधावं लागतं.

५.०० : वस्तू मोजून परत.

शिक्षक मित्रांनो, तेव्हा खडी फोडणारे आज सत्तरीच्या आसपास किंवा पुढं आहेत. त्यांना याच वर्षी वर्गात बोलवा.