मोठ्यानं वाच!

"मामा, कोड झालाय, पण डेटाबेस आत घेत नाहीये. आणि मॅडम पुन्हा इन्स्टॉलही करू देत नाहीत," भाची फोनवर म्हणाली. ती नाशिक जिल्ह्यातल्या एका तंत्रनिकेतनात कॉम्प्युटर डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. स्वतःच्या लॅपटॉपवर स्वतःच बसवलेला डेटाबेस मालकालाच दाराबाहेर उभा करतो, याचं मला नवल वाटलं. त्याहून जास्त नवल वाटलं ते त्या मॅडमचं. काढून टाका, पुन्हा बसवा, हा उपाय जिकडेतिकडे चालतो, आणि या बाई नेमका तोच करू देत नाहीत. प्रोजेक्ट जमा करण्याचे दिवस होते. प्राचार्यांची परवानगी घेतली आणि त्यांच्या लॅबमध्ये जाऊन बसलो.

लॅब पहिल्या मजल्यावर. दाराबाहेर चपलांची रांग, आत यूपीएसच्या जुन्या बॅटऱ्यांचा आंबूस वास आणि पंख्यांची घरघर. मुलं निफाड, सिन्नर, येवल्याकडून एसटीनं येतात. बहुतेकांच्या पाठीवर स्वतःचा किंवा भावाचा लॅपटॉप. कुणाचा प्रोजेक्ट कांदा लिलावाच्या नोंदींचा, कुणाचा वसतिगृहाच्या हजेरीचा, कुणाचा गावच्या वाचनालयाचा. मॅडम पंचेचाळिशीच्या असाव्यात. शिकवायला लागण्याआधी त्या पुण्यातल्या एका कंपनीत डेटाबेस सांभाळायचं काम करत. इथे त्यांचा निम्मा वेळ एकाच हाकेला ओ देण्यात जातो : "मॅडम, दहा-पंचेचाळीस!"

हा १०४५ म्हणजे मायएसक्यूएल या डेटाबेसचा एरर क्रमांक. प्रवेश नाकारला, एवढाच त्याचा अर्थ. पहिल्या तासाभरात ही हाक मी इतक्यांदा ऐकली, की पुढे मलाही मान वर करून पाहायची सवय लागली. मॅडम बाकाजवळ जातात, पण कीबोर्डला हात लावत नाहीत. मुलाचाही हात बाजूला काढायला लावतात आणि म्हणतात, "मोठ्यानं वाच."

मुलगा वाचू लागला. "ॲक्सेस डिनाइड फॉर युजर रूट ॲट लोकलहोस्ट..."

"पुढे?"

"पुढे कंसात आहे काहीतरी."

"तेच वाच."

"युझिंग पासवर्ड... नो." तो थांबला. "पण मॅडम, पासवर्ड दिलाय मी!"

"तू दिलास. सर्व्हरपर्यंत पोचला का?"

पोचला नव्हता. पासवर्ड त्यानं सेटिंगच्या वेगळ्या फाइलमध्ये लिहिला होता. नोटपॅडनं ती जतन करताना नावापुढे गुपचूप 'टीएक्सटी' हे शेपूट जोडलं होतं आणि विंडोजनं ते शेपूट दाखवलं नव्हतं. प्रोग्रॅमला त्याची फाइल सापडलीच नाही, त्यामुळे तो रिकाम्या हातानं सर्व्हरकडे गेला. आदल्या संध्याकाळपासून हा मुलगा पासवर्ड बदलत बसला होता. चूक पासवर्डमध्ये नाही, हे सांगणारा शब्द सगळा वेळ त्याच्या समोर होता, ओळीच्या अगदी शेवटी.

हा क्षण माझ्या मनातून जात नाही. त्या दिवसांत तो मी पुन्हा पुन्हा पाहिला. मूल मोठ्यानं वाचू लागतं, मध्येच आवाज मंदावतो, आणि वाक्य संपायच्या आत त्याला कळलेलं असतं. आपली मुलं एरर वाचत नाहीत, त्याला घाबरतात. लाल अक्षरं दिसली, की डोळे खिडकी बंद करायचं बटण शोधतात. मॅडम ती भीती आवाजानं काढतात.

कंसात 'नो'ऐवजी 'येस' असेल, तर मात्र काम अवघड. पासवर्ड पोचला, पण जुळला नाही. किंवा त्या नावाचं खातंच नाही. यातलं नेमकं काय, ते सर्व्हर सांगत नाही, आणि हे मुद्दाम केलेलं आहे. नाव बरोबर आहे, फक्त पासवर्ड चुकला, असं कळलं तर चोराचं निम्मं काम झालं. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्येही हेच. तिथे एरर १८४५६ येतो आणि बाहेरच्या माणसाला त्याची 'स्टेट' नेहमी १ दिसते. खरी स्टेट सर्व्हरच्या लॉगमध्ये नोंदलेली असते : ५ म्हणजे असं खातं नाही, ८ म्हणजे पासवर्ड चुकला. लॉग उघडायचा अधिकार ज्याच्याकडे आहे, त्यालाच कारण कळतं. मॅडमनी हे समजावलं तेव्हा एक मुलगी म्हणाली, "म्हणजे तो आपल्याला त्रास द्यायला असं बोलत नाही." मॅडम म्हणाल्या, "तो त्याचं काम करतोय. आपण आपलं करू."

'येस'वाल्यांपैकी एकाची कथा ऐकण्यासारखी आहे. त्यानं पासवर्ड बदलला, नव्या पासवर्डनं वर्कबेंचमधून आत जाऊन दाखवलं, आणि तरी त्याच्या प्रोग्रॅमला दहा-पंचेचाळीस. मॅडमनी एकच प्रश्न विचारला : "तुझ्या मशीनवर सर्व्हर किती?" तो म्हणाला, एक. होते दोन. पहिल्या वर्षाला झॅम्प बसवलं होतं, त्यासोबत मारियाडीबी हा सर्व्हर आला. दुसऱ्या वर्षाला मायएसक्यूएल वेगळा बसवला. एका पोर्टवर एकच सर्व्हर ऐकू शकतो. ३३०६ हा पोर्ट आधीच अडलेला असल्यामुळे दुसरा ३३०७ वर गेला. मुलगा पासवर्ड बदलत होता एकाचा आणि प्रोग्रॅम जात होता दुसऱ्याकडे. सर्व्हरलाच त्याची आवृत्ती, पोर्ट आणि डेटा ठेवण्याची जागा विचारणारी एक ओळ मॅडमनी त्याला दोन्हीकडे चालवायला लावली. उत्तरं वेगवेगळी आली आणि प्रश्न मिटला. पुन्हा इन्स्टॉल केलं असतं, तर मशीनवर कदाचित तिसरा सर्व्हर आला असता.

सगळ्यात गुंतागुंतीचं प्रकरण माझ्या भाचीचंच निघालं. पासवर्ड दिला तर १०४५. न देता गेलं तर सर्व्हर आत घेतो, पण तिचा डेटाबेसच दाखवत नाही. मॅडम पहिल्यांदाच खुर्ची ओढून बसल्या.

"गावात दोन रमेश असतात," त्या म्हणाल्या, "एक वरच्या आळीतला, एक खालच्या. नुसतं रमेश म्हणून भागत नाही. मायएसक्यूएलमध्ये खातं म्हणजे नाव आणि कुठून आला ते ठिकाण, दोन्ही मिळून. तू खातं कुठलं केलंस?"

भाचीनं तिच्या नावाचं खातं 'कुठूनही' या ठिकाणासाठी केलं होतं. तिथे टक्क्याचं चिन्ह लिहितात. पण काही जुन्या इन्स्टॉलेशनमध्ये बिननावाचं एक खातं असतं, ठिकाण लोकलहोस्ट, पासवर्ड रिकामा. सर्व्हर खाती तपासताना ठिकाण जास्त नेमकं असलेलं आधी धरतो. लोकलहोस्ट हे 'कुठूनही'पेक्षा नेमकं, म्हणून भाची आली की सर्व्हर तिला बिननावाची समजायचा. त्या खात्याला पासवर्डच नाही. त्यामुळे तिचा खरा पासवर्ड त्याला चुकीचा वाटायचा.

मॅडमनी तिला पासवर्डशिवाय आत जायला लावलं आणि सर्व्हरला दोन गोष्टी विचारायला सांगितल्या : मी कोण म्हणून आले, आणि तू मला कोण समजलास? पहिल्या उत्तरात भाचीचं नाव होतं. दुसऱ्यात नावाची जागा रिकामी. "वाच मोठ्यानं," मॅडम म्हणाल्या. भाचीनं वाचलं आणि आम्ही दोघंही त्या रिकाम्या जागेकडे पाहत राहिलो. मग रूटमधून, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या खात्यातून, ते बिननावाचं खातं काढून टाकलं. त्यानंतर भाची आपल्या नावानं आणि आपल्या पासवर्डनं आत गेली.

बाकीची प्रकरणं लवकर मिटतात. एरर २००२ आला, तर डेटाबेसच्या परवानगीचा काही संबंधच नसतो. सर्व्हरशी गाठच पडलेली नसते. बहुधा तो बंद असतो. लिनक्सवर त्याच ओळीच्या शेवटी कंसात २ असेल तर सॉकेटची फाइल जागेवर नाही, १३ असेल तर तिथवर जायला ऑपरेटिंग सिस्टिमचीच मनाई. उबुंटूवर रूटला १६९८ आला, तर पासवर्ड शोधू नये. तिथे सर्व्हर पासवर्डऐवजी ऑपरेटिंग सिस्टिमचा वापरकर्ता कोण ते पाहतो, म्हणून सुडो ही आज्ञा लावून जायचं.

मॅडमचा आवाज चढलेला मी एकदाच ऐकला. एका मुलानं व्हिडिओ पाहून सेटिंगमध्ये 'स्किप ग्रँट टेबल्स' ही ओळ घातली होती. पासवर्ड पार विसरला तर वापरायचा हा आणीबाणीचा उपाय. ती ओळ असताना सर्व्हर अधिकारांचे तक्तेच पाहत नाही. जो येईल तो पासवर्डशिवाय आत, आणि आत आल्यावर त्याला सगळं करता येतं. मायएसक्यूएल ८ मध्ये या ओळीसोबत नेटवर्कवरून येणारी वाट आपोआप बंद होते, जुन्या आवृत्त्यांत तेवढंही नव्हतं. मुलानं ओळ घातली, काम झालं, आणि ओळ तशीच राहिली. "कधीपासून आहे ही?" मॅडमनी विचारलं. "दिवाळीपासून." प्रोजेक्ट होता त्याच्या काकांच्या कृषी सेवा केंद्राचा, आणि लॅपटॉपवर दुकानातला खरा डेटा होता : शेतकऱ्यांची नावं, मोबाइल नंबर, कुणाकडे किती उधारी. हा लॅपटॉप रोज कॉलेजच्या वायफायला जोडला जात होता.

"तुझ्या काकांची वही तू चौकात उघडी ठेवशील का?" त्यांनी विचारलं. मुलगा काही बोलला नाही. ओळ काढली, सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू केला, पासवर्ड नव्यानं ठेवला. मग मॅडमनी त्याच्याकडून दुकानाच्या प्रोग्रॅमसाठी वेगळं खातं करून घेतलं. या खात्याला वाचायचा, नवी नोंद करायचा आणि दुरुस्तीचा अधिकार दिला. पुसायचा दिला नाही, तक्ते मोडायचा तर नाहीच. संध्याकाळी तोच मुलगा धावत आला. "मॅडम, अकरा-बेचाळीस!" जुनं बिल पुसायला गेल्यावर सर्व्हरनं ११४२ देऊन अडवलं होतं. त्या पूर्ण दिवसात मॅडम पहिल्यांदा मनापासून हसल्या. "हा चांगला एरर आहे. त्यानं तुला ओळखलं, आत घेतलं, आणि बिल पुसू दिलं नाही. तुझ्या काकांनाही हेच हवं असेल."

कामापुरताच अधिकार द्यावा, हा विचार जुना आहे. जेरोम सॉल्टझर आणि मायकेल श्रोडर यांनी तो १९७५ मध्ये तत्त्व म्हणून मांडला. पुढच्याच वर्षी आयबीएमच्या पॅट्रिशिया ग्रिफिथ्स आणि ब्रॅडफर्ड वेड यांनी डेटाबेसमधले अधिकार कसे द्यायचे आणि परत कसे घ्यायचे याची पद्धत लिहिली. आज मुलं 'ग्रँट' आणि 'रिव्होक' टाइप करतात ते त्याच घराण्यातले शब्द. हे न पाळल्यानं काय होतं, तेही जगानं पाहिलं आहे. जानेवारी २०१७ मध्ये पासवर्डाविना इंटरनेटवर उघडे पडलेले हजारो मोंगोडीबी डेटाबेस पुसले गेले आणि मालकांकडे बिटकॉइनमध्ये खंडणी मागितली गेली. कुणी कुलूप फोडलं नव्हतं, कारण कुलूप लावलेलंच नव्हतं. आपल्याकडच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात माहितीची वाजवी काळजी न घेतल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

त्याच विभागातल्या एका सरांशी बोललो. त्यांचं म्हणणं वेगळं होतं आणि प्रामाणिक होतं. "बाहेरचे परीक्षक येतात, दहा मिनिटं बघतात. प्रोजेक्ट चालला पाहिजे. रूट आणि रिकामा पासवर्ड ठेवला की कुणाचं अडत नाही. मुलं नोकरीला लागली की शिकतील सुरक्षितता." त्यांची अडचण खोटी नाही. वर्गात साठ मुलं आणि तास मोजके. पण नोकरीतही त्यांना घाईच असणार आहे, आणि घाईत माणूस आधी जे शिकला तेच करतो. हा रूट आणि रिकामा पासवर्ड कॉलेजात सुटत नाही. मुलासोबत तो काकांच्या दुकानात जातो, पतसंस्थेत जातो, दवाखान्याच्या केस पेपरांपर्यंत जातो. म्हणून मी मॅडमच्या बाजूचा आहे.

डेटाबेस शिकवणाऱ्या सर्व शिक्षकांना माझी विनंती आहे. पहिल्याच प्रॅक्टिकलला रूट बाजूला ठेवा आणि प्रत्येक मुलाकडून त्याच्या प्रोजेक्टचं वेगळं खातं करून घ्या. एक ओळ खातं तयार करायला आणि एक ओळ अधिकार द्यायला, एवढंच ते काम आहे. १०४५ आला तर मुलांना ओळ शेवटपर्यंत वाचू द्या. आणि ज्यांच्या दुकानाचा, संस्थेचा हिशेब पुतण्यानं किंवा भाच्यानं केलेल्या प्रोग्रॅमवर चालतो, त्यांनी आज त्याला एकच प्रश्न विचारावा : हा प्रोग्रॅम कुठल्या खात्यानं आत जातो? उत्तर 'रूट' असेल, तर ते या आठवड्यातच बदलून घ्या.